सत्तेचाळिसाव्या गाण्याची फेरचाळणी

जेवणाच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या आणि त्यांपैकी दोनच भरलेल्या होत्या. टेबलावर पत्त्याएवढे बारा रंगीत पुठ्ठे होते: चार हिरवे, चार पिवळे, चार लाल. उरलेले तीन मास्तरांच्या शर्टाच्या खिशात होते आणि मास्तर दारात होते. दाराची रुंदी एक्याऐंशी सेंटिमीटर, मास्तरांच्या खांद्यांची त्रेचाळीस. दोन्ही बाजू मिळून उरलेल्या अडतीस सेंटिमीटरमधून चहाचा कप जाऊ शकत होता, माणूस जाऊ शकत नव्हता.

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. मास्तर तीन वाजून चार मिनिटांपासून तिथे उभे होते. डॉक्टर याला थिजणं म्हणत. आजार मेंदूतला होता, पायांत काही बिघाड नव्हता. चालू लागण्याचा हुकूम दारापाशी यायचा आणि तिथेच कुठेतरी हरवायचा. एकदा पहिलं पाऊल पडलं की मास्तर बरे चालत. पहिलं पाऊल पडत नसे.

दारामुळे घराचे दोन भाग झाले होते. आत ताई आणि दादा. बाहेर बोळात धाकटा आणि त्याची बायको, सूनबाई.

“पप्पा, मनातल्या मनात एक-दोन म्हणा ना,” आतून दादा म्हणाला.

“म्हणतोय,” मास्तर म्हणाले. आवाज आता बारीक झाला होता, पण टोमण्याची धार शाबूत होती. “तीन-चारही म्हणतोय. पाय ऐकत नाहीत. चाळीस वर्षं चर्चचं गायनमंडळ सांभाळलं, त्यातले खालच्या आवाजाचे लोक असेच होते.”

बोळातून धाकट्याने डोकं पुढे काढलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता आणि अडकलेल्या माणसांशी कसं बोलायचं याचं त्याला कंपनीने दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. “पप्पा, घाबरू नका. तुम्ही सुरक्षित आहात. काही लागतंय का?”

“मी लिफ्ट नाही रे.”

“तेच तर. लिफ्ट अडकली तर हाताने खाली घेता येते.”

“कोणी हात लावायचा नाही,” दादा म्हणाला. “चार वाजता ती बाई आली आणि आपण पप्पांना उचलताना दिसलो, तर मोजायचं कारणच उरणार नाही.”

ती बाई म्हणजे वृद्धांच्या देखभाल केंद्रातली परीक्षक. तिन्ही भावंडांनी महिन्यापूर्वी ठरवलं होतं की ती सांगेल ते मान्य करायचं, म्हणजे आपसांत भांडण नको. परीक्षा साधी होती. या दारापासून मुख्य दारापर्यंत नऊ मीटर चाळीस सेंटिमीटर, कोणाचा हात न धरता, तीस सेकंदांच्या आत. जमलं तर मास्तर घरी राहतील. नाही जमलं तर सोमवारी सकाळी केंद्राची गाडी येईल.

उपाय करून झाले नव्हते असं नाही. फिजिओथेरपिस्टने फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवायला सांगितल्या होत्या. ताईने पाच चिकटवल्या. पाश्चात्त्य स्वरलिपीत असतात तशा त्या पाच रेघांपुढे मास्तर उभे राहून म्हणाले, “यावर स्वर कुठे लिहिलेत?” आणि तिथेच वाचत राहिले. मग भजनं लावली. संथ भजनाला ते डोळे मिटून उभे राहिले, जलद भजनाला डोळे उघडून. शेवटी ताल मोजायचं लाकडी यंत्र मिनिटाला शहाण्णव ठोक्यांवर लावलं. तेव्हा मास्तरांचा उजवा हात उठला आणि त्याने अचूक शहाण्णवने गायनमंडळ चालवायला सुरुवात केली. पाय जागचे हलले नाहीत.

सूनबाई बोळातल्या शिवणयंत्रापाशी उभी होती आणि बोटांनी दोऱ्याचं रीळ फिरवत होती. तिला दहा दिवसांपासून एक गोष्ट माहीत होती. ती मास्तरांनाही माहीत होती. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं होतं.

तिने घड्याळ बघितलं. तीन अठरा.

“मला काहीतरी सांगायचंय,” ती म्हणाली. “पप्पा चालतात. एका गाण्यावर.”

“कुठलं?” ताईने आतून विचारलं.

“दहा दिवसांपूर्वी मी शिवत होते. पप्पा याच दारात अडकले. मी मदतीला उठले तर इयरफोनची वायर मशीनच्या चाकात गेली, फोनमधून सुटली आणि गाणं मोठ्याने वाजायला लागलं. पप्पा चार पावलं चालले. मी मोजली.”

“मग?”

“मग त्यांनी गाणं ओळखलं आणि थांबले.”

मास्तर बोळाच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “मी पाणी प्यायला निघालो होतो.”

“पाणी मागच्या बाजूला होतं, पप्पा.”

“कुठलं गाणं?” ताईने पुन्हा विचारलं, पण या वेळी शाळेत पर्यवेक्षक म्हणून जो आवाज ती वापरायची, त्या आवाजात.

“छत्रीवाल्याचं.”

ताईने नोंदींची वही उघडली नाही. तिला नोंदीचा आकडा पाठ होता. “सत्तेचाळीस. लाल. आणि तू ते या घरात ऐकतेस?”

“एकाच कानात,” सूनबाई म्हणाली. “दुसऱ्या कानाने लक्ष असतं.”

चाळणी सुरू होऊन तेहेतीस वर्षं झाली होती. मास्तरांनीच ती सुरू केली. उपासनेतल्या गाण्यांना चाळणी नव्हती, पण बाहेरचं गाणं, सिनेमा, मालिका, काहीही घरात येण्याआधी रविवारी दुपारी या टेबलावर यायचं. वचनात, म्हणजे बायबलमध्ये, सांगितलेले आठ गुण घेऊन प्रत्येकाला विचारायचं: हे सत्य आहे का, आदरणीय आहे का, शुद्ध आहे का, असं शेवटपर्यंत. मग पुठ्ठे. हिरवा म्हणजे चालेल, लाल म्हणजे नाही, पिवळा म्हणजे अटी घालून. मतं फुटली तर निकाल पिवळा. वहीत आजवर दोनशे पंचेचाळीस नोंदी झाल्या होत्या: अठ्ठ्याऐंशी हिरव्या, सेहेचाळीस पिवळ्या, एकशे अकरा लाल.

आणि पायांचा नियम होता. ऐकताना सगळ्यांनी खुर्चीत बसायचं, तळवे जमिनीला टेकवायचे. घरातलं सर्वांत लहान माणूस टेबलाखाली बसून पाय मोजायचं. एक पाय हलला तर ताकीद, दोन हलले तर गाणं बाद, आणि ज्याचे हलले त्याचं मत वर्षभर बंद. “गाणं डोक्यातून आत आलं पाहिजे,” मास्तर म्हणायचे. “पायातून आत आलेल्या गाण्याने कोणाला विचारलेलं नसतं.”

“लावा ते गाणं,” धाकटा म्हणाला. “चालू दे त्यांना. मग बघू.”

“खबरदार,” मास्तर म्हणाले. “त्या गाण्यावर चालत बाहेर जाण्यापेक्षा मी दारातच बरा.”

“सोमवारी दारात पण नसाल, पप्पा!”

“फेरचाळणी घेता येते,” ताई म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. मास्तरांना वळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी फक्त भुवया वर केल्या. “नियम आहे. पाचही जण बसलेले हवेत आणि गाणं पूर्ण वाजलं पाहिजे.”

“पप्पा बसू शकत नाहीत,” दादा म्हणाला.

“खुर्ची सरकवू मागून.”

“बसले तर चारपर्यंत उठणार नाहीत.”

“आणि गाणं पूर्ण वाजलं,” धाकटा म्हणाला, “तर निकाल लागायच्या आत पप्पा मुख्य दारापर्यंत पोचलेले असतील.”

“म्हणजे मंजुरीआधीच वापर,” ताई म्हणाली आणि खरोखर विचारात पडली.

दादा डोकं धरून बसला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांना हे अक्षर स्पष्ट की ते, असं विचारायचा आणि लोक काहीतरी एक उत्तर द्यायचे. घरात मात्र त्याला कधीच एक उत्तर मिळालं नव्हतं. गेल्या महिन्यात त्याने मास्तरांना दोनदा न्हाणीघराच्या दारातून उचललं होतं. दुसऱ्या वेळी कमरेतून आलेला आवाज त्याने कोणालाही सांगितला नव्हता.

शेवटी तोडगा निघाला तो असा: गाणं वाजवायचं नाही, सूनबाईने शब्द सपाट आवाजात वाचून दाखवायचे, आणि ती व धाकटा बोळातच शिवणयंत्राच्या बाकावर बसतील. त्यांचे सहा पुठ्ठे मास्तरांच्या डाव्या कोपराखालून देण्यात आले. उजव्या कोपराखालून चहा आला. मास्तरांच्या बसण्याचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला.

सूनबाई वाचू लागली, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तशी. “पहिलं कडवं. ती म्हणते, छत्रीवाल्या, एका छत्रीत किती जण मावतात. दुसरं कडवं. तो म्हणतो, बाई, दोन मावतात, जवळ उभं राहिलं तर. तिसरं कडवं. ती म्हणते, मी तर चार मावलेले पाहिलेत. मग अय्या, अय्या, अय्या.”

“किती वेळा?” ताई लिहीत होती.

“अकरा.”

“कसोटी पहिली. सत्य आहे का?”

“दोन मावतात हे सत्य आहे,” धाकटा म्हणाला.

“आणि चार?”

“छत्री केवढी त्यावर आहे.”

“साधी छत्री धरा. मीटरभर व्यासाची.”

“चार मावणार नाहीत,” दादा नाइलाजाने म्हणाला. “दोघांचे खांदे भिजतील.”

“म्हणजे तिसरं कडवं असत्य,” ताईने लिहिलं. “दुसरी. आदरणीय?”

“छत्र्या विकणं हा प्रामाणिक धंदा आहे,” सूनबाई म्हणाली.

“शुद्ध?”

सूनबाईने चहाचा कप तोंडाला लावला.

“जवळ उभं राहिलं तर, यातलं जवळ म्हणजे किती?” ताईने विचारलं.

“ताई, तीन चाळीस झाले!” धाकटा ओरडला. “तुला माहितेय का, त्या केंद्रात काय आहे? तिथली लिफ्ट माझ्याकडे आहे. हॉलमध्ये भिंतीएवढा टीव्ही आहे. सकाळी सहाला लागतो, रात्री दहाला बंद होतो. मालिका, नाच, कुस्ती, काहीही. रिमोट मावशींच्या कपाटात. दिवसाला सोळा तास, आणि चाळणी शून्य.”

ताईचा पेन थांबला. “दादा, तू हे सांगितलं नव्हतंस.”

“मी आवाज कमी करायला सांगणार होतो.”

“सोळा तास?”

“तिथे रात्री उचलायला दोन माणसं असतात, ताई! इथे कोण आहे? मी! माझी कंबर!” दादाने टेबलावर हात आपटला आणि एक लाल पुठ्ठा खाली पडला. “मला काय हौस आहे का त्यांना पाठवायची?”

दारातून मास्तरांचा आवाज आला. “कंबरेला काय झालं?”

“काही नाही.”

“दाखवलंस का कोणाला?”

“नाही.”

मास्तरांना पाठीमागे बसलेला मुलगा दिसत नव्हता. समोर बोळ दिसत होता, बोळाच्या टोकाला मुख्य दार आणि त्याच्या काचेतून येणारा उजेड. छातीपाशी खिशातले तीन पुठ्ठे टोचत होते. माणूस एकाच जागी अर्धा तास उभा राहिला की त्याला फक्त पुढचंच दिसतं, असं नाही. मास्तरांना त्या वेळी टेबलाखालचं दिसत होतं.

“मोठ्ये,” ते म्हणाले. ताईला ही हाक बऱ्याच वर्षांत कोणी मारली नव्हती. “सत्तेचाळीसची नोंद वाच.”

ताईने पान काढलं. अक्षर मास्तरांचं होतं, शाई फिकट झालेली. “गाणं छत्रीवाल्याचं. निकाल लाल. कारण: पाय. हललेले पाय दोन. कोणाचे…” ती थांबली. “मम्मीचे.”

“चूक आहे.”

“काय चूक?”

“पाय माझे होते.”

बोळात रीळ खाली पडलं आणि गडगडत गेलं. कोणी उचललं नाही.

“मोजणाऱ्याने दोन सांगितले,” मास्तर म्हणाले. “कोणाचे, ते मीच म्हणालो. तिचे म्हणालो. तिने वाकून टेबलाखाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बरं. पुढचे बावन्न रविवार ती स्वयंपाकघरात बसली. एकदाही काही बोलली नाही. गाणं सोडा, त्यानंतर जाईपर्यंत तिने छत्रीसुद्धा नेली नाही.”

धाकटा हळूहळू उभा राहिला. एकतीस वर्षांपूर्वी तो सहा वर्षांचा होता आणि टेबलाखाली बसून मोजणारा तोच होता. “तपकिरी बूट होते,” तो म्हणाला. “मी बघितले होते. तुम्ही मम्मीचे म्हणालात, तेव्हा मला वाटलं मला पाय ओळखता येत नाहीत. त्यानंतर मी प्रत्येक रविवारी एकच सांगायचो, शून्य.”

“म्हणून इतकी हिरवी?” ताईने झटकन मागची पानं उलटली.

“ताई, आता ते नको,” दादा म्हणाला.

“आठ कसोट्यांतली पहिलीच त्या दिवशी मोडली,” मास्तर म्हणाले. “छत्रीवाल्याने नाही मोडली. मी मोडली. आणि दर रविवारी प्रार्थनेला उभा राहिलो की ते बूट आठवायचे. आठवलं की पुढचं गाणं जरा जास्त घासून चाळायचो.”

ताईने त्या ओळीवर बोट ठेवलं. या वहीच्या आधारावर तिने आपल्या मुलींचे कितीतरी हट्ट मोडले होते. मैत्रिणीच्या लग्नात ती शेवटच्या रांगेत पाय आवळून बसली होती, दोन तास. त्या दोन तासांचं आता काय करायचं हे तिला कळेना. मग तिने पट्टी घेतली, मम्मीच्या नावावर सरळ रेघ मारली, वर ‘पप्पा’ लिहिलं, तारीख घातली.

“दुरुस्ती झाली,” ती म्हणाली. “नियमाप्रमाणे तुमचं मत आजपासून वर्षभर बंद. पुठ्ठे द्या.”

मास्तरांचा हात सावकाश खिशाकडे गेला. तीन पुठ्ठे खांद्यावरून मागे आले. ताईने ते उठून घेतले आणि ती परत खुर्चीत बसली; बोळात धाकटाही पुन्हा बाकावर टेकला.

“थांब,” दादा म्हणाला. “म्हणजे आता मतदार चारच. चौघेही बसलेले आहेत.”

“सभा वैध,” ताई म्हणाली. “तीन बावन्न. उरलेल्या कसोट्या मनात विचारा. पुठ्ठे टाका.”

मास्तरांच्या कोपराखालून दोन हिरवे आले.

दादाने वाकून खाली पडलेला लाल उचलला आणि टेबलावर ठेवला. “मला खोटं टाकता येत नाही. तेही आजच,” तो म्हणाला. “मी दमलोय. उद्या गाणं लावलं आणि तरी पडले तर? रोज लावायला कोण आहे?”

“मी आहे ना,” बोळातून सूनबाई म्हणाली. “मी दिवसभर इथेच शिवते, भाऊजी. लावीन. आणि उचलायची वेळ आली तर हे आहेत. तुम्ही कंबर दाखवून या आधी.”

दादाने मान हलवली, पण पुठ्ठा बदलला नाही.

ताईने पिवळा टाकला. “दोन हिरवे, एक पिवळा, एक लाल. मतं फुटली, निकाल पिवळा. अटी लिहिते. एक: गाणं फक्त चालण्यासाठी. दोन: दुसऱ्या कडव्याच्या शेवटी बंद, कारण तिसरं असत्य आहे. तीन…” तिने वर बघितलं. “पप्पा, पाय हलले तर चालतील.”

“नोंदव,” मास्तर म्हणाले.

बेल तीन अठ्ठावन्नला वाजली. धाकट्याने दार उघडलं. परीक्षक बाई सडपातळ होती, काखेत अर्ज लावलेली पाटी, हातात स्टॉपवॉच. तिने बोळाच्या टोकाला उभे असलेले मास्तर बघितले. “वा, तयारीतच उभे आहेत,” ती म्हणाली.

“चोपन्न मिनिटांपासून,” मास्तर म्हणाले.

“गाणं लावलं तर चालेल ना?” सूनबाईने विचारलं.

“काठी चालते, चाकांची चौकट चालते. गाण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.” तिने अर्ज उलटून मागची बाजूही बघितली. “कुठलं आहे?”

“छत्रीवाल्याचं.”

“अगं बाई,” परीक्षक म्हणाली आणि चेहरा पुन्हा गंभीर केला.

दादा गुडघ्यावर बसला. मास्तरांच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती. वाकताना त्याच्या तोंडून आवाज निघाला, तरी त्याने दुहेरी गाठ मारली, उजव्या बुटाचीही तपासली आणि पायांवरून हात काढून घेतला. “झालं, पप्पा.”

मास्तरांनी डोळे मिटले. ओठ हलले, प्रार्थना होती की मोजणं, ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मग त्यांनी सूनबाईकडे बघून मान हलवली, गायनमंडळाला सुरुवात करून देताना हलवत असत तशी.

ती फोनवर झुकली. परीक्षक बाईच्या अंगठ्याखाली घड्याळ टकन् वाजलं.

अर्जावर तिने पुढील नोंद केली. अंतर: नऊ मीटर चाळीस सेंटिमीटर. आधार: नाही. पहिल्या चार सेकंदांत पावलं: शून्य. नंतरच्या अठरा सेकंदांत पावलं: अठ्ठावीस. मध्ये थांबणं: शून्य. एकूण वेळ: बावीस सेकंद.